मालक देतील ते

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक जुना वाद दरवर्षी नव्याने पेटतो. कुणाच्या तरी मुलीला किंवा मुलाला चित्रकलेला जायचे असते, घरच्यांचा जीव वरखाली होतो, आणि नातेवाईक, शेजारी, क्लासवाले यांच्या दोन फळ्या पडतात. पहिली म्हणते, चित्रं काढ की, कोण नको म्हणतंय, पण हौस म्हणून. पोटासाठी आधी एखादी डिग्री घे. दुसरी म्हणते, जमाना बदलला, आता कलेत काय नाही? अ‍ॅनिमेशन आहे, गेम आहेत, मोबाइल-वेबसाइटच्या पडद्यांचं यूआय-यूएक्स डिझाइन आहे, पॅकेजिंग आहे. मागच्या वर्षी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मार्गदर्शन मेळाव्याला मी बोलायला गेलो होतो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी पडद्यावर कलेतल्या पन्नास करिअरची यादी दाखवली आणि मुलांनी भराभर मोबाइलवर तिचे फोटो काढले. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत तिला ए ग्रेड होती. वहीत केलेली स्केचेस दाखवताना ती म्हणाली की दोन वर्षे ती सीझनला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. ज्यांनी मूर्तीचे काम जवळून पाहिले आहे त्यांना माहीत असेल, आखणी सगळ्यात शेवटी होते आणि तिथे हात चुकला तर आधीचे सगळे वाया जाते. मी विचारले, ‘‘एका मूर्तीमागे किती मिळतात?’’ ती म्हणाली, ‘‘तसं ठरलेलं नाही सर. मालक देतील ते.’’

हे तीन शब्द ऐकले आणि हा सगळा वाद आपण किती भलत्या जागी घालतो आहोत ते मला कळले. कलेत पर्याय आहेत की नाहीत यावर आपण भांडतो. पण त्या मुलीकडे पर्याय होताच. तो तिने स्वतः शोधला होता, त्यात ती तरबेज होती आणि तिच्या हाताला मागणीही होती. तिला आपल्या कामाचा भाव माहीत नव्हता, आणि तो मागता येतो हे तिला शाळेत, क्लासमध्ये किंवा त्या दिवशीच्या मेळाव्यात कुणीच सांगितले नव्हते. माझे म्हणणे सरळ आहे. कलेच्या विद्यार्थ्याला करिअरच्या याद्यांची गरज नाही. त्याला हवे आहे ते दोन गोष्टींचे बळ: आपल्या कामाचा व्यवहार शिकवणारे शिक्षण, आणि कलेच्या कामाला पूर्ण वेळेचे, पूर्ण पगाराचे काम मानणारी व्यवस्था. पहिले कला महाविद्यालये देत नाहीत आणि दुसरे सरकारने हळूहळू काढून घेतले आहे.

आता पहिल्या फळीचे म्हणणे घेऊ, कारण त्यांची भीती खरी आहे. त्या मुलीचे वडील टेम्पो चालवतात. ते मला म्हणाले, ‘‘सर, चार वर्षं मी हिला कशीही शिकवीन. पण पाचव्या वर्षी काय?’’ या प्रश्नाला ‘स्वप्न बघा’ हे उत्तर होऊ शकत नाही. बीएफए या कलेच्या पदवीची चार वर्षे म्हणजे कागद, रंग, कॅनव्हास, अ‍ॅन्युअल शोचे माउंटिंग, मुंबई-पुण्यात राहण्याचा खर्च, आणि शेवटी कॅम्पस मुलाखतीची खात्री नाही. इंजिनिअरही बेकार असतात असे म्हणून हा मुद्दा उडवून लावता येतो, आणि माझ्या बाजूचे लोक तो तसाच उडवतात. पण बेकार इंजिनिअरला बँकेची परीक्षा देताना, सरकारी भरतीचा अर्ज भरताना आपली पदवी सांगावी लागते तेव्हा समोरचा माणूस ती ओळखतो. रेखा व रंगकलेची पदवी सांगितली की ‘म्हणजे नक्की काय?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. टेम्पोवाल्या बापाला हे कुणी शिकवावे लागत नाही.

एक काळ असा होता की या बापाला देण्यासारखे एक ठाम उत्तर आपल्याकडे होते, आणि ते उत्तर म्हणजे ड्रॉईंग मास्तर. गावाकडच्या, ओढगस्तीच्या घरातल्या मुलांनी दोन वर्षांचा ए.टी.डी. हा कलाशिक्षकाचा डिप्लोमा करायचा, हायस्कूलवर लागायचे, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुले बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, फळ्यावर सुविचार लिहायचा आणि उरलेल्या वेळात आपली चित्रे काढायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी चित्रकारांना कुंचला हातात धरायला पहिल्यांदा अशाच एखाद्या मास्तरांनी शिकवले. त्या नोकरीत वैभव नव्हते, पण निवृत्तीपर्यंतची निश्चिंती होती, आणि तिच्या जोरावर माणूस बाकीचे धाडस करू शकत होता. मग २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा आला. कायदा चांगलाच, त्याने लाखो मुलांसाठी शाळेचे दार उघडले. पण त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षकांचा जो किमान निकष आहे तो वाचून बघा. पट शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षण, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक. म्हणजे भाषेला शिक्षक, गणिताला शिक्षक, आणि चित्राला तासावर येणारा माणूस. शंभराच्या खाली तेवढेही नाही. निकष किमान असतो, राज्याला त्याहून जास्त करायला कुणी अडवलेले नाही, हे खरे. पण किमान हेच कमाल होऊन बसते हा आपल्याकडचा अनुभव आहे. ‘कलेत नोकऱ्या नाहीत’ असे आपण म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवले पाहिजे की कलेतली सगळ्यात मोठी, सगळ्या जिल्ह्यांत पसरलेली आणि गरिबाच्या मुलाला परवडणारी नोकरी बाजाराने मारलेली नाही. ती धोरणाने आकसली आहे, आणि धोरण बदलता येते.

दुसऱ्या फळीवर माझा राग जास्त आहे, कारण ते आपलेच लोक आहेत. पन्नास करिअरच्या यादीत खोटे काही नसते, पण जे सांगायला हवे ते नसते. पैसे कोण देतो? काम कुठल्या शहरात आहे? पगार असतो की प्रोजेक्ट संपला की घरी? पहिली पाच वर्षे किती मिळतात, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी या धंद्यात माणसे दिसतात का? यूआय-यूएक्स हे नाव यादीत वरच असते; पण त्यातले अर्धे काम माणूस पडद्यावर कसा वागतो हे समजून घेण्याचे आहे, आणि चार वर्षे स्टिल लाइफ व पोर्ट्रेट केलेल्या मुलाला ते नव्याने शिकावे लागते. व्हीएफएक्स, म्हणजे सिनेमातले संगणकावर केलेले दृश्यपरिणाम, हे असेच दुसरे चकचकीत नाव. टेक्निकलर या शंभर वर्षांच्या नामांकित कंपनीचा भारतातला कारभार फेब्रुवारी २०२५मध्ये एकाएकी बंद पडला आणि बंगळूर-मुंबईतली सुमारे तीन हजार माणसे रस्त्यावर आली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत सरकारची मोठी ‘वेव्हज’ परिषद झाली आणि सर्जनशील उद्योगाच्या सुवर्णकाळाची भाषणे झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या क्षेत्रात काम वाढते आहे, हे मी नाकारत नाही. पण विद्यार्थ्याला एकच बाजू दाखवणे ही त्याची फसवणूक आहे, आणि फसलेला मुलगा परत गावी आला की गावातल्या पुढच्या दहा मुलींचा रस्ता बंद होतो.

शिवाय या याद्या असे भासवतात की कलेतून पोट भरणे हा काल-परवा लागलेला शोध आहे. आपला इतिहास बरोबर उलटे सांगतो. जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ साली मुंबईत जे.जे. ही कलाशाळा उघडली, ती कामकरी हात घडवण्यासाठी. १८६६मध्ये तिथे तीन कार्यशाळा सुरू झाल्या: सजावटीचे रंगकाम, मूर्तिकाम आणि नक्षीचे लोखंडकाम. लॉकवुड किपलिंग मूर्तिकाम शिकवत. १८७८ ते १८८८ या काळात बोरीबंदरचे स्टेशन उभे राहिले तेव्हा त्याच्या भिंतींवरची पाने, फुले, प्राणी, पक्षी यांत जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता. आज लोकल पकडायच्या घाईत आपण ज्याखालून जातो ते विद्यार्थ्यांनी काम म्हणून केलेले आहे. तो साहेबाचा स्वार्थ होता, देशी कारागिराकडून इमारती सजवून घ्यायच्या होत्या, असा आक्षेप घेता येईल आणि त्यात तथ्यही आहे. तरी एवढे उरतेच की शुद्ध कला आणि पोटाची कला अशी भिंत त्या शाळेच्या पायात नव्हती. ती मागाहून बांधली गेली.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण सिनेमाच्या संदर्भात इतके सांगितले जाते की ते कलेचे विद्यार्थी होते हे विसरायला होते. १८८५ साली ते जे.जे.मध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. मग काय केले? गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा टाकला. तिथे प्लेगने बायको आणि मूल नेले. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी केली. लोणावळ्याजवळ रवि वर्मा यांच्या नावाच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम केले. स्वतःचा ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला, भागीदारांशी पटेना म्हणून त्यातून बाहेर पडले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. यातले एकही काम कुणाच्या यादीत नव्हते. पण रेखाटन, फोटो, रसायने, छपाई, नेपथ्य असे प्रत्येक कामातले काहीतरी पुढच्या कामाला उपयोगी पडत गेले. चित्रे काढता येणाऱ्या माणसाचे आयुष्य बहुधा असेच पुढे सरकते, आणि अशा आयुष्याला यादीपेक्षा हिशेबाची जास्त गरज असते. फाळक्यांच्या उत्तरायुष्यातले हाल वाचले की वाटते, कॅमेऱ्याइतकेच त्यांना धंद्याच्या करारांचे शिक्षण मिळायला हवे होते.

कोल्हापुरात बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. त्या कामातून ते सिनेमाकडे वळले, स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. चित्रकार म. वि. धुरंधरांनी जे.जे.मध्ये विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून ४१ वर्षे काढली आणि त्याच हाताने पोस्टकार्डे, पुस्तकांतली चित्रे, जाहिराती केल्या. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर मराठी वाचकांच्या दोन पिढ्या पोसल्या. यांपैकी कुणालाही ‘तुम्ही चित्रकार की कमर्शियल?’ असे विचारायचे धाडस आज आपण करणार नाही. मग वीस वर्षांच्या मुलाला ते का विचारतो?

याच ठिकाणी तिसरी फळी पुढे येते. ती संख्येने लहान आहे, पण कला महाविद्यालयांत तिचाच दबदबा आहे. तिचे म्हणणे असे की नोकरीचा प्रश्न विचारणे हाच कलेचा अपमान आहे. महाविद्यालयात बाजार आणलात की प्रयोग मरतो. यातला एक भाग मी मनापासून मान्य करतो. आयुष्यात क्लायंट नसलेली, करेक्शन सांगणारे कुणी नसलेली अशी चार वर्षे फक्त तिथेच मिळतात. त्या वर्षांत न्यूड स्टडी करताना, मातीत हात घालताना, सहा महिने एकाच निळ्याच्या मागे लागताना डोळा जो तयार होतो तो नंतर कुठल्याही ऑफिसात होत नाही. ती वर्षे जर सॉफ्टवेअरच्या बटणांत घालवली तर मुले पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत ते सॉफ्टवेअरच बदललेले असते. त्यामुळे ‘अभ्यासक्रम इंडस्ट्रीच्या गरजेप्रमाणे करा’ या मागणीला माझा विरोधच आहे.

पण पोटाच्या कामाने प्रयोग मरतो, हे मात्र खरे नाही. प्रभाकर बरवे यांच्याइतका स्वतःच्या प्रतिमाविश्वाशी प्रामाणिक चित्रकार मराठी माणसाने दुसरा सांगावा. नागावात जन्मलेले, जे.जे.त शिकलेले बरवे अनेक वर्षे सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. हातमागाच्या कापडासाठी डिझाइन करणे हे त्यांचे रोजचे काम होते. त्या नोकरीने त्यांना बनारसला नेले, आणि तिथे तंत्रसाधनेतल्या आकारांशी झालेली ओळख त्यांच्या चित्रांत पुढे दिसते. चित्रकार के. जी. सुब्रह्मण्यन यांनीही त्याच यंत्रणेत काम केले. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत कुणाच्या तरी डोक्यात हा विचार आला होता की विणकराला डिझाइन हवे आहे, चित्रकाराला पगार हवा आहे, आणि सरकार या दोघांना एका खोलीत बसवू शकते. इतक्या वर्षांनंतर आपल्याला एवढाही विचार का सुचू नये? जिल्हा रुग्णालयांच्या भिंती, एस.टी. स्थानके, पाठ्यपुस्तके, सरकारी अर्जांची मांडणी, संग्रहालयांतल्या पाट्या, ही सगळी कामे आजही होतातच, निविदा काढून, सगळ्यात कमी दराने, बहुतेक वेळा चित्र न शिकलेल्या माणसाकडून होतात.

शुद्धतेच्या नावाखाली व्यवहार न शिकवण्याचा परिणाम काय होतो, तेही बघू. डिसेंबर २०१३मध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. गायतोंडे २००१ साली गेले, तेही दिल्लीतल्या छोट्याशा जागेत साधेपणाने राहून. दरवर्षी मेळाव्यांत हा कोटींचा आकडा ‘बघा, कलेत किती पैसा आहे’ म्हणून सांगितला जातो. तो पैसा चित्र विकणाऱ्या मालकाचा असतो, चित्रकाराचा नव्हे. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३अ हे कलम आहे. चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागण्याचा हक्क ते देते. हा वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. व्यवहारात हे कलम कागदावरच राहिल्यासारखे आहे. बीएफएच्या शेवटच्या वर्षाच्या ज्या ज्या वर्गात मी बोलायला गेलो, तिथे हे कलम माहीत असलेला विद्यार्थी मला भेटलेला नाही. गॅलरीने नेलेले चित्र विकले गेले की परत कधी पैसे येतील, किती टक्के कापले जातील, हे विचारायला ही मुले संकोचतात. पैशांची बोली न करणे हे कलावंताचे लक्षण, असा संस्कारच त्यांच्यावर झालेला असतो. गणपतीच्या कारखान्यातले ‘मालक देतील ते’ आणि गॅलरीतला हा संकोच यांत मला काहीही फरक दिसत नाही.

मी स्वतःही याच संस्कारातून गेलो आहे. पदवीनंतरचे माझे पहिले काम एका पुस्तकाचे मुखपृष्ठ होते. तीन रफ, मग फायनल, मग ‘लाल जरा कमी करा’, मग पुन्हा फायनल. पैशांचे विचारले तेव्हा प्रकाशक म्हणाले, ‘‘आतल्या पानावर तुमचं नाव छापतोय ना.’’ नाव छापले, चुकीच्या जोडाक्षराने. दोन वर्षांनी तेच चित्र मी दुसऱ्या एका पुस्तकावर पाहिले, उलटे करून लावलेले. मला राग आला, पण कुणाकडे जायचे आणि काय म्हणायचे हे माहीत नव्हते, कारण माझ्याकडे एक कागद नव्हता. फार वर्षांनी कायदा वाचला तेव्हा कळले की कागदाला केवढे वजन आहे. पैसे घेऊन कुणासाठी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केले असेल आणि उलट करार नसेल तर त्याचा पहिला मालक करवून घेणारा ठरतो. नोकरीत केलेल्या कामाचेही तसेच. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी द्यावा लागतो. किती काळासाठी हे लिहिले नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर फक्त भारत धरतो. एवढे चार नियम शिकवायला किती तास लागतील? दोन? चार? चार वर्षांच्या पदवीत हे चार तास सापडू नयेत?

इंग्लंडातल्या विल्यम होगार्थ या चित्रकाराची गोष्ट मला म्हणूनच फार जवळची वाटते. त्याच्या तांब्याच्या पत्र्यावरच्या चित्रांच्या नकला लंडनचे छापखाने राजरोस काढत आणि विकत. रडत न बसता त्याने इतर खोदकारांना बरोबर घेतले, पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७३५ साली खोदचित्रांना चौदा वर्षांचे संरक्षण देणारा कायदा करवून घेतला. हातातली नवी चित्रमालिका त्याने कायदा लागू होईपर्यंत थांबवून ठेवली होती. व्यवहार कळल्याने त्याच्या चित्रांची धार कमी झाली का? उलट कुणा सरदाराच्या मेहेरबानीवर अवलंबून न राहता त्याला हवे ते, हवे त्याच्यावर काढता आले.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. २०२२पासून शब्द टाइप केले की चित्र तयार करून देणारी यंत्रे आली आणि त्यानंतरच्या प्रत्येक मेळाव्यात मला एकच प्रश्न येतो: एआय आल्यावर चित्रकार हवाच कशाला? काही होणार नाही, असे सांगून मी मुलांना गप्प करणार नाही. काम गेले आहे. दिवाळी अंकांतली लहान चित्रे, सोशल मीडियाच्या पोस्ट, स्टोरीबोर्ड, अशा ज्या पायऱ्यांवरून नवा मुलगा वर चढायचा त्याच पायऱ्या आधी मोडल्या आहेत. फोटोग्राफी आली तेव्हा चित्रकला संपली नाही, हा दाखला सगळे देतात. तो अर्धवट आहे. १८३९नंतर चित्रकला टिकली, पण छोटी व्यक्तिचित्रे करून जगणारे हजारो चित्रकार टिकले नाहीत. त्यांतले बरेच जण फोटो रंगवायला बसले. आपल्या डोळ्यांसमोरचा दाखला तर याहून ताजा आहे. २०००च्या आसपास फ्लेक्स आला आणि मुंबईतल्या सिनेमाच्या हाताने रंगवलेल्या बॅनरचा धंदा बघता बघता नाहीसा झाला. ज्या धंद्यात एके काळी चित्रकार एम. एफ. हुसेन शिडीवर चढून रंग लावत होते, त्यातले कसलेले हात नंतर पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवताना दिसले.

त्या बॅनर पेंटरांकडे नेमके काय नव्हते? कौशल्य तर अफाट होते. चौकोन आखून दोन इंचांच्या फोटोचा चाळीस फुटी चेहरा करणारा हात होता. पण कामावर त्यांचे नाव नव्हते, दर ठरलेला नव्हता, केलेल्या चित्रावर हक्क नव्हता आणि संघटना नव्हती. यंत्र आले त्या दिवशी बोलणी करायला त्यांच्याकडे हातात काहीच नव्हते. म्हणून एआयचे कारण सांगून ‘कलेला जाऊ नका’ म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे की यंत्राने व्यवहार शिकवण्याची गरज दहापट वाढवली आहे. माझे काम यंत्राला शिकवायला वापरले तर परवानगी कुणाची? मोबदला कुणाला? हे प्रश्न आज जगभर न्यायालयांत आहेत, आणि ते मांडायला आपला हक्क ठाऊक असलेले चित्रकार लागतात.

शिवाय काही कामांत यंत्राला जबाबदारी घेता येत नाही. दोनशे वर्षांच्या तैलचित्रावरचे काळे पडलेले व्हार्निश किती उतरवायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरवायला माणूस लागतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे, शिक्षणाची सोयही आहे. पण देशभरच्या देवळांत, वाड्यांत, संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत जेवढे काम पडून आहे त्या मानाने हे हात फारच थोडे आहेत. राम सुतारांसारखा शिल्पकारही सुरुवातीला पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीवर होता. अक्षरांचेही तसेच. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी यांचा. महाराष्ट्रातल्या अनेक सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे त्याच अक्षरांत कामकाज चालले. आज मुंबईतली ‘एक टाइप’सारखी संस्था मुक्त, बलू असे फाँट करते आणि मराठी माणूस ते रोज मोबाइलवर वाचतो. देवनागरीचे एक जोडाक्षर कुठे मोडावे, रफार कुठे बसावा, हे ज्याच्या कानात आणि डोळ्यांत मराठी आहे त्यालाच कळते.

हे घडायचे तर कुणी काय करावे? कला महाविद्यालयांनी शेवटच्या दोन वर्षांत एक पेपर ठेवावा: कामाचा खर्च काढणे, बिल लिहिणे, करार वाचणे, हक्क सांभाळणे. शिकवायला काम करणारी माणसे बोलवावीत, त्यांना मानधन द्यावे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८पासून आहे, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८पासून. वार्षिक प्रदर्शने भरवणे हे त्यांचे मोठे काम आहेच. आता त्यांनी मुखपृष्ठ, व्यक्तिचित्र, भित्तिचित्र यांच्या किमान दरांचे पत्रक काढावे. एकट्या मुलाने दर सांगितला की तो महाग ठरतो, संस्थेने सांगितला की तो रिवाज होतो. आणि राज्य सरकारने प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्ण वेळ कलाशिक्षक द्यावा. यातली पहिली दोन कामे जवळजवळ फुकट होणारी आहेत, म्हणून ती झालेली नाहीत याचे मला अधिक दुःख होते.

त्या दिवशी मेळाव्याच्या मंडपातल्या टेबलावर आम्ही तिघे बसलो. मी त्या मुलीला वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडायला सांगितला. दिवसाला सरासरी तीस लहान मूर्ती, सीझनचे साठ दिवस, म्हणजे अठराशे जोड्या डोळे. मागच्या वर्षी मालकांनी शेवटी हातावर ठेवले बारा हजार. तिने भागाकार केला: सहा रुपये सहासष्ट पैसे. वडिलांनी वही ओढून घेतली आणि तो भागाकार स्वतः पुन्हा केला. त्याच कारखान्याच्या मूर्ती ते टेम्पोतून दादरला पोचवतात, त्यामुळे तिथे त्या कितीला विकल्या जातात हे त्यांना विचारावे लागले नाही.

‘‘मी तर फेरीचं भाडं गाडी भरायच्या आधी ठरवतो,’’ ते मुलीला म्हणाले, आणि वही तिच्यासमोर ठेवून पुढच्या सीझनचा आकडा लिहायला सांगितला.